निक रोमानोचे घर

आमच्या इंदुरातील एका जुन्या मराठी वाचनालयाच्या मंडळावर मी आहे. गेल्या बैठकीचा बराच वेळ एका इंग्रजी पुस्तकाने खाल्ला. विलर्ड मॉट्ली यांची ‘नॉक ऑन एनी डोअर’ ही १९४७ सालची कादंबरी एका सभासदांना आपल्या नातवाच्या हाती दिसली. त्यांनी ती चाळली आणि लेखी तक्रार दिली की, चोर, दारुडे आणि खुनी यांनी भरलेले हे पुस्तक कुलपात ठेवावे, पोरासोरांना देऊ नये. गृहस्थ सुविद्य आहेत, त्यांची काळजीही खोटी नाही. म्हणून बैठकीत नुसता हात वर करण्यापेक्षा माझे मत येथे मांडतो.

कथेची सुरुवात होते ती अमेरिकेतील डेन्व्हर शहरी, आणि तीही देवळातच म्हणायची. निक रोमानो हा इटालियन घरातला कोवळा पोर चर्चमध्ये पूजेच्या वेळी पाद्र्याच्या हाताखाली सेवा करतो; पुढे आपणही पाद्री व्हावे अशी त्याची मनीषा. मग मंदीचे दिवस येतात, बापाचा धंदा बुडतो, बिऱ्हाड गरीब वस्तीत जाते. दुसऱ्याने चोरलेल्या सायकलीचे बालंट निकवर येते. मित्राचे नाव तो सांगत नाही आणि सुधारगृहात जातो. सुधारगृहात सुधारण्याजोगे काही होत नाही. आपल्या दोस्ताला फटके मारलेले तो उघड्या डोळ्यांनी पाहतो, आणि त्या दिवशी मनात जो द्वेष बसतो तो अखेरपर्यंत उठत नाही. पुढे बिऱ्हाड शिकागोला हलते. वेस्ट मॅडिसन स्ट्रीट हा तेथला गुत्त्यांचा आणि बेघरांचा रस्ता. झिंगून पडलेल्यांना लुटण्यापासून सुरू झालेली वाट एका पोलिसाच्या खुनापाशी आणि विजेच्या खुर्चीपाशी संपते.

एवढेच सांगितले तर तक्रारदारांचे म्हणणे खरे वाटेल. पण कादंबरीची खरी जागा मला रस्त्यावर दिसत नाही, घरात दिसते. निकचा बाप दुष्ट नव्हे. धंदा गेला, त्याबरोबर त्याचा मानही गेला, आणि उरलेला सगळा अधिकार तो मुलाच्या पाठीवर चालवतो. आई रडते, प्रार्थना करते. मावशीची माया आहे, पण ती दुरून. मुलाला वाईट व्हावे असे या घरात कुणालाच वाटत नाही, हेच पुस्तकातले सर्वांत भयंकर सत्य आहे. जो तो आपल्या समजुतीप्रमाणे बरोबरच वागतो, आणि दर वेळी पोर दारापासून एक पाऊल लांब जाते.

मला येथे आपला श्याम आठवला. साने गुरुजींच्या पुस्तकात आईचा मार आहेच. पोहायला जात नाही म्हणून ती त्याला फोकाने झोडपते. पण तो पोहून परत येतो तेव्हा वळ पाहून तिचेच डोळे भरतात आणि ती त्याच्यापुढे दही ठेवते. रोमानोंच्या घरात फटका आहे, दही नाही. मार चांगला की वाईट हा वाद घालणारे आपण या पुढच्या गोष्टीकडे फारसे पाहत नाही.

मॉट्लींना हे कसे दिसले? ते जन्माने कृष्णवर्णीय, १९०९ सालचे, शिकागोच्या एका मध्यमवर्गीय भागात वाढलेले. आजी-आजोबांनाच ते लहानपणी आईबाप समजत असत आणि चित्रकार आर्चिबाल्ड मॉट्ली या मामाला भाऊ. घर म्हणजे दिसते ते नव्हे, हे त्यांना कुणी शिकवायला नको होते! पुढे ते आपण होऊन शिकागोच्या गलिच्छ वस्तीत राहायला गेले आणि तेथली माणसे त्यांनी टिपून घेतली. काळ्या लेखकाने गोऱ्या घराची कथा का लिहावी, असा आक्षेप तेव्हाही निघाला. मला तो क्षुद्र वाटतो.

दोष काढायचा तर दुसरा आहे. खटल्यात निकचा वकील समाजालाच आरोपी ठरवणारे लांबलचक भाषण करतो. रिचर्ड राइट यांच्या १९४० सालच्या ‘नेटिव्ह सन’मध्येही असाच वकील भेटतो. ही भाषणे वाचताना माझे मन आटते. ‘समाज’ म्हटले की बाप सुटतो, पाद्री सुटतो, सुधारगृहाचा फटकेवाला सुटतो, सगळेच सुटतात. १९४९ साली निकोलस रे यांनी काढलेल्या चित्रपटात तर वकील हम्फ्रे बोगार्ट, म्हणजे मुलाहून वकीलच मोठा! कादंबरीतला निक मात्र साक्षीच्या पिंजऱ्यात त्या भाषणाने हलत नाही. आत्महत्या केलेल्या बायकोचा विषय सरकारी वकील काढतो तेव्हा तो कोसळतो आणि खून कबूल करतो. तेथेही घरच बोलते.

आपल्याकडे २०१५ च्या बालन्याय कायद्याची चर्चा झाली ती सोळा ते अठरा वयाच्या मुलांना, अपराध जघन्य असेल तर, प्रौढांप्रमाणे न्यायासनापुढे उभे करावे की नाही, यावर. त्याच कायद्यात एक साधी तरतूद आहे, तिच्याकडे कुणाचे लक्ष नाही. अपराधी मुलाला समज देऊन घरी पाठवता येते, मात्र त्याबरोबर त्याच्या आईबापांचेही समुपदेशन व्हावे, असे ती सांगते. निकच्या सायकलीच्या वेळी डेन्व्हरमध्ये कुणी त्याच्या बापाला समोर बसवले असते तर? कादंबरी अर्थात झाली नसती.

तेव्हा माझे मत असे : पुस्तक कुलपात ठेवू नये. फार तर कुमार विभागातून काढून प्रौढांच्या विभागात ठेवावे, आणि ते मुलांपासून वाचवायचे म्हणून नव्हे, तर वडीलधाऱ्यांच्या सहज हाती लागावे म्हणून. तक्रारदारांनाही मी ते पहिल्या पानापासून वाचण्याची विनंती करणार आहे. त्यांच्या नातवाने ते अजून परत केलेले नाही. मुदत संपून आठ दिवस झाले. दंड मी भरीन.