रस्त्यालाही मीठ फुटतं



गाळप सुरू झालं की उसाची ट्रॉली कुठं ना कुठं रुतते, आणि आपण डांबराच्या नावानं बोटं मोडतो. डांबर कमी पडलं असेल, वजन जास्त झालं असेल, काळी माती तर फुगते-आकसतेच. हे आम्ही नाकारीत नाही. पण झरी भागात बारमाही ओल असलेल्या उसाला लागून जाणाऱ्या रस्त्याची साईडपट्टी उन्हाळ्यात एकदा निरखून पहा. पांढरी पूड दिसली, तर दुखणं वेगळं आहे.

जायकवाडीचा २०८ किलोमीटरचा डावा कालवा परभणी जिल्ह्यात आला आणि ऊस वाढला. ते पाणी आपलं भाग्यच. पण काळ्या जमिनीतून जादा पाण्याचा निचरा होत नाही. भूजल वर चढतं, कंदिलाच्या वातीतून तेल चढावं तशी ओल माती-मुरमातून वर येते. पाणी उडून जातं, क्षार मागं राहतात. शेतात जमीन खारवट, चोपण होते. रस्त्यात हेच क्षार पातळ डांबराखाली साठतात. त्यांचे खडे बनताना डांबराचा थर उचलला जातो, फोड येतात, खडी सुटते. सोडियम सल्फेट तर गारव्यात पाणी धरून सुमारे चौपट फुगतं. ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिकेतील रस्त्यांनीही हे भोगलं आहे.

अशा जागी नुसतं ठिगळ लावणं म्हणजे मुळाला कीड आणि पानावर औषध. रस्त्याचा भराव उंच हवा, मोऱ्या मोकळ्या हव्यात, कामाला गोडं पाणी हवं. हे मागणं आपला हक्क आहे.

पण रस्त्याकडेचे चर बुजवून दोन तास ऊस कुणी वाढवला? रात्री पाणी मोकळं सोडून घरी कोण झोपलं? आपणच ना!

शिरोळच्या श्री दत्त कारखान्यानं सभासदांना बरोबर घेऊन जमिनीखाली सच्छिद्र पाईप टाकले, क्षारपड रानं पुन्हा पिकाखाली आणली. आपणही सुरुवात चरापासून करू. हंगामापूर्वी आपापल्या बांधालगतचा चर उकरावा, ठिबक घ्यावं, माती तपासून घ्यावी.

रस्ता मागायला जाण्याआधी पाण्याला वाट देऊ. नाही तर आज रस्ता उखडला, उद्या रान जाईल.