आरोग्यचिंतन : अपेंडिक्सची गाठ आणि स्टेपलरचा खर्च

खामगाव-मलकापूरच्या बाजारपेठेतला व्यापारी कापसाची प्रत पाहिल्यावाचून भाव बोलत नाही. रुग्णालयाच्या अंदाजपत्रकात ‘स्टेपलर’ दिसला, की मात्र तोच गृहस्थ गोंधळतो.

दुर्बिणीद्वारे अपेंडिक्स काढताना त्याचे मूळ पक्के बंद करावे लागते. तेथून गळती झाल्यास पोटात पू होतो. १९८० मध्ये जर्मनीतील कील येथे डॉ. कुर्ट झेम यांनी अशी पहिली शस्त्रक्रिया केली. आज मूळ बंद करण्यास धाग्याचा फास, पॉलिमरची क्लिप व स्टेपलर ही साधने प्रचलित आहेत. त्यांत स्टेपलर सर्वांत महाग.

कॉक्रेन संस्थेच्या २०१७ च्या आढाव्यात धागा व यांत्रिक साधने यांच्या एकूण गुंतागुंतींत स्पष्ट फरक आढळला नाही. यांत्रिक साधनांनी वेळ वाचला. मूळ निरोगी असल्यास फास सहसा पुरतो. ते सुजून जाड झालेले वा कुजलेले असल्यास फास भरवशाचा राहत नाही. तेथे काटकसर नको.

ही अवस्था दुर्बीण आत गेल्यावरच कळते. म्हणून कुटुंबीयांनी आधीच विचारावे : स्टेपलर सरसकट की गरजेपुरता? न वापरल्यास बिलातून वजा होईल काय? उत्तर ऐकावे आणि निर्णय शल्यचिकित्सकावर सोपवावा.