भाड्याचे घर चालेल, पण किल्ली आपल्याकडे हवी!

शिष्यवृत्तीचे अर्ज, वसतिगृहांच्या याद्या, अत्याचाराच्या प्रकरणांच्या नोंदी यासाठी वेब अ‍ॅप बनवण्याचा उत्साह सध्या चळवळीत दिसतो. उत्साह चांगलाच. पण डेटाबेस कुठे ठेवायचा, असे विचारले की उत्तर येते, "जिथे फुकट मिळेल तिथे." या उत्तराला आमचा ठाम विरोध आहे.

दुकानदाराच्या यादीत गिऱ्हाइकाचे नाव आणि पत्ता असतो. आपल्या यादीत जात असते, गाव असते, कोणी कोणाविरुद्ध फिर्याद दिली तेही असते. ती बाहेर गेली तर फिर्यादीवर बहिष्कार पडतो, साक्षीदार दबावाखाली फिरतो. न्या. श्रीकृष्ण समितीच्या २०१८ च्या मसुद्यात जात ही 'संवेदनशील' माहिती होती. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात तो वर्गच उरला नाही. कायद्याने सोडलेली ही काळजी आता आपल्यालाच घ्यावी लागेल.

दुसरा युक्तिवाद स्वदेशीचा. आमच्या पनवेलमध्ये २०२० साली योट्टाचे मोठे डेटा सेंटर सुरू झाले. अ‍ॅमेझॉनचे क्लाउड २०१६ पासून मुंबईत आहे. म्हणून काही मित्र म्हणतात, "डेटा इथेच आहे, म्हणजे आपलाच." कसा? चवदार तळे महाडातच होते. १९२४ मध्ये नगरपालिकेने ते खुले केल्याचा ठरावही केला होता. तरी पाण्याला हात लावायला १९२७ चा सत्याग्रह करावा लागला. जवळ असणे वेगळे, हक्क असणे वेगळे. २०१० मध्ये अ‍ॅमेझॉनने विकिलिक्सला आपल्या सर्व्हरवरून हटवले, तेव्हा बोट ठेवले ते नियम-अटींवरच.

मग स्वतःचा सर्व्हर घ्यावा का? बाबासाहेबांनी पत्रे काढली, तसा भारतभूषण छापखानाही उभा केला. ध्येय तेच असावे. पण कार्यालयात वीज गेली, डिस्क बिघडली, तर रात्री धावणारा माणूस आज किती संघटनांकडे आहे? तोवर क्लाउड भाड्याने घ्यावे, पण आपल्या अटींवर.

पहिली अट, डेटाबेस पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएलसारखा मुक्त असावा. अ‍ॅपचा कोड दुसरीकडे हलवणे त्या मानाने सोपे असते, पण एकाच कंपनीकडे चालणाऱ्या डेटाबेसमध्ये अडकलो की सुटका महाग पडते. दुसरी, रोजचा बॅकअप कुलूपबंद करून दुसऱ्या कंपनीकडे ठेवावा, त्याची किल्ली संघटनेकडे असावी आणि महिन्यातून एकदा तो उघडून तपासावा. तिसरी, खाते संस्थेच्या नावावर, दोन पदाधिकाऱ्यांच्या ताब्यात हवे. एका हुशार कार्यकर्त्याच्या मेलवर नको, तो रुसला की संघटना मुकी होते. चौथी, गरज नसलेली माहिती गोळाच करू नये. जी माहिती साठवलीच नाही, ती कोणी चोरू शकत नाही.

यासाठी दरमहा पैसे लागतील. जयंतीच्या डीजेसाठी वर्गणी जमते, मग आपल्याच माणसांच्या सुरक्षेसाठी का जमू नये?

जय भीम!