मुंगीची दोन पोटं

साखरेच्या डब्याचं झाकण रात्री जरा सैल राहिलं, की सकाळी ओट्यावर मुंग्यांची रांग ठरलेलीच. आपला हात लगेच औषधी खडूकडे किंवा फवाऱ्याकडे जातो. आज जरा थांबा आणि रांगेतली एकच मुंगी नीट बघा. घरात भिंग असेल तर मुलांनाही बोलवा.

मुंगीच्या शरीराचे तीन ठळक भाग दिसतील: डोकं, वक्ष आणि मागचं फुगीर पोट. सहाही पाय मधल्या वक्षाला जोडलेले असतात. डोक्यावरच्या दोन स्पर्शिका कोपरासारख्या वाकलेल्या असतात. मुंगीला आपल्यासारखे कान किंवा नाक नसतं. वास आणि स्पर्श तिला मुख्यतः या स्पर्शिकांतून कळतात. म्हणून ती त्या पुढच्या पायांवरच्या कंगव्याने सारखी साफ करते. तिला फुप्फुसंही नसतात. अंगावरच्या बारीक छिद्रांतून हवा आत जाते.

आता तिची कंबर बघा, दोऱ्याइतकी बारीक! अन्ननलिका या कंबरेतूनच मागे जाते. मोठी मुंगी घन कण गिळत नाही, रस तेवढा पिते आणि चोथा थुंकून टाकते. हा रस आधी एका पिशवीत साठतो. हे तिचं पहिलं पोट, पण ते इतरांसाठी! स्वतःला लागेल तेवढाच रस ती एका झडपेतून मागच्या दुसऱ्या पोटात सोडते आणि तिथे पचवते. घरी परतल्यावर भुकेली बहीण स्पर्शिकांनी तिला थोपटते आणि ही तोंडातून थेंब काढून तिला भरवते. बहीणच म्हणायचं, कारण कामकरी मुंग्या सगळ्या माद्याच असतात. असा तोंडातोंडी घास राणीपर्यंत आणि अळ्यांपर्यंत पोहोचतो.

आता खडूचा विचार करा. त्याने मरतात त्या फक्त बाहेर पडलेल्या मुंग्या. आत राणी अंडी घालतच असते, त्यामुळे चार दिवसांत नवी रांग हजर! आणि खडूची विषारी भुकटी मात्र आपल्या ओट्यावर उरते, जिथे आपण पोळ्या लाटतो, जिथे लहानग्यांचे हात फिरतात.

त्यापेक्षा साधा उपाय करा. रांग वासाच्या रेषेवरून चालते. साबणाच्या पाण्याने तो ओटा आणि भिंतीचा पट्टा पुसून घ्या, डबा घट्ट लावा, फट बुजवा. रेषा पुसली की मागून येणाऱ्या मुंग्या गोंधळून फिरतात. हे मुलांना नक्की दाखवा.

आणि पुसण्याआधी मिनिटभर थांबा. समोरासमोर आलेल्या दोन मुंग्या तोंडाला तोंड लावून थांबलेल्या दिसल्या, तर एकीचं इतरांसाठीचं पोट रिकामं होत असेल. तेवढा घास पुरा होऊ द्या!