टायरचे वय: किलोमीटर, खोली की तारीख?

गोंदिया जिल्ह्यातल्या देवरीहून नागपूर साधारण दीडशे किलोमीटर. त्यातला जवळजवळ सगळा रस्ता म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ५३. सुरतजवळच्या हजिऱ्यापासून ओडिशातल्या पारादीपपर्यंत जाणारा हा रस्ता देवरीला खेटून जातो. रुग्णाला मोठ्या दवाखान्यात न्यायचे असो, मुलांना परीक्षेला सोडायचे असो की लग्नाची खरेदी असो, गाडी या महामार्गावर काढावीच लागते. निघण्याआधी टायरवर हात फिरवून एकच प्रश्न विचारला जातो: अजून किती चालतील? कुणी चाळीस हजार सांगतो, कुणी पन्नास, कुणी स्वतःचे सत्तर हजार गेल्याचा दाखला देतो. तिघेही खरे बोलत असतात, कारण प्रत्येकाची गाडी, रस्ता आणि हात वेगळा असतो. म्हणूनच एकाचा आकडा दुसऱ्याच्या कामी येत नाही.

टायर बदलण्याचा निर्णय किलोमीटरच्या आकड्यावर सोडू नये, असे आमचे मत आहे. खाचांची खोली आणि टायरवरची तारीख, या दोन्ही पाहाव्यात आणि जी मर्यादा आधी संपेल ती मानावी. मात्र या मताला खर्चाची दुसरी बाजू आहे आणि ती खरी आहे. तिचा हिशेब मांडल्याशिवाय हा सल्ला पोकळ ठरेल.

आधी खोली पाहू. कारच्या नव्या टायरच्या खाचा साधारण ८ मिलिमीटर खोल असतात. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार कारसाठी किमान खोली १.६ मिलिमीटर, तर दुचाकी आणि तीनचाकींसाठी ०.८ मिलिमीटर आहे. खाचांच्या तळाशी रबराचे छोटे आडवे उंचवटे असतात. बाजूची नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की कायद्याच्या दृष्टीने टायर संपला. म्हणजे वापरायला मिळते ती ६.४ मिलिमीटर. प्रश्न शेवटच्या टप्प्याचा आहे. खाचांचे काम टायरखालचे पाणी बाहेर फेकणे. त्या उथळ झाल्या की पाणी खालीच अडकते, ब्रेक लावल्यावर गाडी लांब जाऊन थांबते आणि वेग जास्त असेल तर चाक पाण्यावर तरंगू लागते.

यावर टायर बनवणाऱ्यांतही एकमत नाही. जर्मनीची कॉन्टिनेंटल कंपनी ३ मिलिमीटर उरल्यावर टायर बदलण्याचा सल्ला देते. फ्रान्सच्या मिशेलिनने उलट भूमिका घेतली: चांगला टायर १.६ पर्यंत नीट थांबला पाहिजे, तो आधीच फेकायला लावणे म्हणजे ग्राहकाचा पैसा आणि कच्चा माल दोन्ही वाया घालवणे. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. युरोपने २०२४ पासून नव्या प्रकारच्या टायरची ओल्या रस्त्यावरची पकड झिजलेल्या अवस्थेतही तपासायला सुरुवात केली, ती याच वादातून. पण आपल्याकडे ग्राहकाच्या हातात पडणाऱ्या टायरची झिजल्यानंतरची पकड किती, हे त्याला कुणी सांगत नाही. अशा वेळी शंकेचा फायदा टायरला न देता प्रवाशाला द्यावा.

त्याचा खर्च किती? समजा, छोट्या कारचे चार टायर २०,००० रुपयांना पडले आणि ते ४५,००० किलोमीटर चालणार आहेत. किलोमीटरमागे ४४ पैसे. ३ मिलिमीटरला टायर काढला तर उरलेली १.४ मिलिमीटर वाया जाते. ती साधारण १०,००० किलोमीटरची, म्हणजे साडेचार हजार रुपयांच्या आत-बाहेर. टायर चार वर्षे चालणार असेल, तर महिन्याला शंभर रुपयांपेक्षा थोडे कमी. ही रक्कम सगळ्यांना सारखी वाटणार नाही. म्हणून सल्लाही ऋतूनुसार द्यायला हवा. नोव्हेंबरमध्ये ३ मिलिमीटर उरले असतील, तर कोरड्या रस्त्यावर उन्हाळ्यापर्यंत टायर वापरायला हरकत नाही. मेच्या अखेरीस तेवढीच खोली असेल, तर मात्र पावसाळा त्या टायरवर काढू नये. पूर्व विदर्भातला पाऊस जोरदार असतो. रोवणीच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर बांध्यांतला चिखल डांबरावर येतो. त्या रस्त्यावर गोटा झालेला टायर म्हणजे ब्रेक असून नसल्यासारखाच.

आता तारीख. टायरच्या बाजूवर एका लंबगोलात चार अंक कोरलेले असतात. २३२१ असे असेल, तर टायर २०२१ च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. देवरीतल्या बऱ्याच गाड्यांच्या बाबतीत हे अंक किलोमीटरपेक्षा महत्त्वाचे आहेत. गावात शाळा-बाजार आणि महिन्यातून एखादी लांबची फेरी करणारी गाडी वर्षाला सहा हजार किलोमीटर चालते असे धरले, तर ४५,००० व्हायला साडेसात वर्षे लागतील. तोवर नक्षी शाबूत दिसेल, पण रबर म्हातारे झालेले असेल. ऑक्सिजन, ऊन आणि उष्णता रबराला कडक करत जातात. आधी बाजूला बारीक भेगा दिसतात. आतल्या थरांची पकड सैल होते ती मात्र दिसत नाही. भाड्याने धावणाऱ्या गाडीचे उलट: वर्षाला चाळीस हजार किलोमीटर झाले तर तारीख बघायची वेळच येत नाही, आधी खोली संपते.

उष्णतेचा हा परिणाम अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा विभागाने एका विमा कंपनीच्या २००२ ते २००६ मधल्या दाव्यांतून तपासला होता. टायरशी संबंधित दाव्यांपैकी ७७ टक्के दावे ॲरिझोना, टेक्सस, फ्लोरिडा अशा पाच उष्ण राज्यांतले निघाले आणि त्यांपैकी ८४ टक्के टायर सहा वर्षांहून जुने होते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि भर दुपारचे डांबर हवेपेक्षा कितीतरी जास्त तापते. त्यामुळे थंड देशांतला दहा वर्षांचा आकडा इथे तसाच लावता येत नाही. मिशेलिनसुद्धा दहा वर्षे ही कमाल मर्यादा सांगते आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासणी करायला सांगते. बऱ्याच कार कंपन्या सहा वर्षांवर बोट ठेवतात. सावलीत उभी राहणारी, गावातच हळू फिरणारी गाडी सहा वर्षांनंतरही तपासून वापरता येईल. महामार्गावर जाणाऱ्या गाडीला ही सूट देऊ नये. स्टेपनीलाही नाही, कारण ती न वापरताच म्हातारी होते.

टायर वेळेआधी का संपतो, याचे सर्वांत मोठे कारण फुकटात मिळणारी हवा आहे. हवा कमी असेल तर टायरच्या दोन्ही कडा झिजतात, जास्त असेल तर मधला पट्टा. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्यात जास्त दबतो, वाकतो आणि आतून तापतो. त्यात पाच माणसे, सामान आणि शंभरचा वेग आला की टायर फुटण्याची सगळी तयारी झाली. या भागात ऋतूंचा फरकही मोठा आहे. गोंदिया जिल्हा उन्हाळ्यात भाजतो, तसा विदर्भातल्या सर्वांत थंड भागांतही मोजला जातो. मेमध्ये ४० अंशांच्या सावलीत ३३ पीएसआय भरलेली हवा, जराही न गळता, डिसेंबरच्या १० अंशांच्या पहाटे साडेअठ्ठावीसच्या जवळ येते. शिवाय महिन्याला एक-दोन पीएसआय अशीच कमी होते. हवा महिन्यातून एकदा, टायर थंड असताना आणि दाराच्या चौकटीवर लिहिलेल्या आकड्याप्रमाणे भरावी. पेट्रोल पंपावर ही सोय मोफत असायला हवी, ती मागून घ्यावी. नायट्रोजनचा आग्रह अनेक ठिकाणी होतो. पण साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो. तो भरून वर्षभर गेज न लावणाऱ्यापेक्षा दर महिन्याला साधी हवा तपासणारा शहाणा.

दुसरे कारण अलाइनमेंट. गाडी टायर खाते, असे मिस्त्री म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा चाकांचा कोन बिघडलेला असतो. मग टायर एकाच बाजूने झिजतो. तुकड्या-तुकड्यांनी झिजत असेल तर शॉकअप किंवा बॅलन्सिंग पाहावे. पुढच्या चाकांनी ओढल्या जाणाऱ्या गाडीत पुढचे टायर लवकर जातात, म्हणून दहा हजार किलोमीटरच्या आसपास पुढचे-मागचे आपसांत बदलावेत. दोनच नवे घेण्याइतके पैसे असतील, तर ते मागे लावावेत, कारण ओल्या वळणावर मागची चाके सुटली की गाडी सावरणे फार कठीण होते.

पण सगळा दोष मालकाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. मासुलकसा घाटातली वळणे, जंगलातले उखडलेले रस्ते आणि महामार्गाच्या कामांजवळ सांडलेली गिट्टी यांवर गाडीमालकाचा काही ताबा नाही. एका खड्ड्याने अलाइनमेंट जाते आणि पुढच्या काही हजार किलोमीटरमध्ये नवा टायर एका कडेने संपतो. रस्ता बांधणारे आणि सांभाळणारे यांचाही टायरच्या आयुष्यात वाटा आहे.

दोष ठरवताना घाई करू नये, हे समृद्धी महामार्गाने शिकवले. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेड राजाजवळ खासगी बसला अपघात होऊन आग लागली आणि २५ प्रवासी गेले. टायर फुटल्याचे आधी सांगितले गेले, पण परिवहन कार्यालयाच्या तपासणी अहवालाने ती शक्यता नाकारली. त्याच वर्षी या महामार्गावर टायर तपासून घासलेल्या टायरची वाहने परत पाठवायला सुरुवात झाली. हे पाऊल योग्यच होते. पण टायर हे दोष ढकलायला सोयीचे निमित्तही असते. मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ च्या सुरुवातीला ही बाब दुसऱ्या अंगाने स्पष्ट केली. २०१० मधल्या पुणे-मुंबई मार्गावरील अपघातात टायर फुटणे ही दैवी आपत्ती असल्याचा विमा कंपनीचा दावा न्यायालयाने फेटाळला. टायर का फुटला याचे कारण द्यावे लागेल आणि निघण्याआधी टायर पाहणे हे चालक-मालकाचे काम आहे, असा त्या निकालाचा आशय. फुटलेल्या टायरमागे नशीब शोधण्याची सवय यापुढे सोडायला हवी.

मग सरकारने काय करावे? व्यावसायिक वाहनांची योग्यता तपासणी पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी होते. खासगी कारची मात्र थेट पंधरा वर्षांनी. मधल्या काळात तिचे टायर कुणी अधिकृतपणे पाहत नाही. पीयूसीच्या वेळीच टायर तपासावा, अशी सूचना यातून पुढे येते. तिच्या विरोधातला आक्षेपही वजनदार आहे: आणखी एक शिक्का, आणखी एक खिडकी आणि त्यासोबत चिरीमिरीची नवी वाट. म्हणून सुरुवात दंडाने करू नये. पीयूसी केंद्रावर खोली मोजायचा छोटा गेज असावा आणि खोली व तारीख प्रमाणपत्राखाली केवळ माहिती म्हणून लिहावी. निर्णय मालकाचाच राहील, पण माहिती नसल्याची सबब राहणार नाही.

एक प्रश्न जुन्या टायरचा. अर्ध्या किमतीत मिळणाऱ्या वापरलेल्या टायरला सरसकट नावे ठेवणे सोपे आहे. भाड्याच्या गाडीवर घर चालवणाऱ्यासाठी चार नवे टायर म्हणजे महिन्याची कमाई. तरीही जुन्या टायरची आतली दुरुस्ती आणि त्याने सोसलेला भार बाहेरून कळत नाही. तो घ्यायचाच झाला, तर तारीख वाचावी, टायर आतून पाहावा आणि महामार्गावर प्रवासी नेणाऱ्या गाडीला लावू नये. बँका आणि पतसंस्थांनी टायरसाठी छोटे हप्त्याचे कर्ज दिले, तर या मोहाची गरजच कमी होईल.

झिजलेले रबर जाते कुठे, हेही तलावांच्या जिल्ह्यात राहणाऱ्यांनी विचारले पाहिजे. टायरला भेगा पडू नयेत म्हणून मिसळल्या जाणाऱ्या ६पीपीडी या रसायनापासून बनणारे द्रव्य अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात कोहो सॅमन माशांचा जीव घेत असल्याचे २०२० मध्ये संशोधकांनी दाखवले. टायर टिकवणारेच रसायन पाण्याला महाग पडू शकते. त्यावर उपाय कंपन्यांनी शोधायचा आहे. आपल्या हातात आहे ते विनाकारण होणारी झीज टाळणे: योग्य हवा, सरळ चाके, सौम्य ब्रेक आणि बेताचा वेग. रस्त्यावरचा जीव आणि तलावातले पाणी, दोघांसाठीही हेच हिताचे आहे.

म्हणून देवरीकरांसाठी आमचा निष्कर्ष असा: पावसाळ्याच्या तोंडावर ३ मिलिमीटर, कोणत्याही दिवशी १.६ मिलिमीटर आणि महामार्गावर जाणाऱ्या गाडीला सहा वर्षे. यांतली जी मर्यादा आधी येईल, तिथे टायर उतरवावा, मग मीटरवर किलोमीटर किती का झालेले असेनात.