एक हजार नऊ धावांचे ओझे

शालेय क्रिकेटमधील विक्रमवीरांचा पुढे काय होते, हा प्रश्न मुंबईकरांना नवा नाही. कल्याणच्या प्रणव धनावडेच्या बाबतीत मात्र तो अधिक टोचतो. ४ आणि ५ जानेवारी २०१६ रोजी एच. टी. भंडारी चषक स्पर्धेत के. सी. गांधी शाळेकडून खेळताना या १५ वर्षांच्या यष्टिरक्षक-फलंदाजाने आर्य गुरुकुल संघाविरुद्ध नाबाद १००९ धावा केल्या. १८९९ मध्ये इंग्लंडमधील क्लिफ्टन कॉलेजच्या ए. ई. जे. कॉलिन्सने केलेला नाबाद ६२८ धावांचा विक्रम त्याने पहिल्याच दिवशी मागे टाकला होता. १२९ चौकार, ५९ षटकार. म्हणजे ८७० धावा नुसत्या सीमापार. रिक्षाचालकाच्या मुलाची ही कहाणी दोन दिवसांत जगभर गेली. सचिन तेंडुलकरने स्वाक्षरी केलेली बॅट पाठवली, मुंबई क्रिकेट संघटनेने दरमहा दहा हजार रुपयांची शिष्यवृत्ती पाच वर्षांसाठी जाहीर केली.

त्या सामन्याचा धावफलक पुन्हा नीट वाचला पाहिजे. के. सी. गांधी शाळेने ३ बाद १४६५ वर डाव घोषित केला आणि प्रतिस्पर्धी ३१ व ५२ धावांत गारद झाले. प्रतिस्पर्धी संघातील नेहमीचे खेळाडू गैरहजर होते, त्यांच्या जागी लहान मुले उतरली होती आणि मैदानाची एक सीमारेषा फारच जवळ होती, हे त्याच वेळी छापून आले होते. यात प्रणवचा काय दोष? समोर येईल तो चेंडू खेळणे एवढेच फलंदाजाच्या हाती असते, आणि दोन दिवस एकाग्रता टिकवणे हे येरागबाळ्याचे काम नव्हे. विक्रम खराच आहे. पण तो गुणवत्तेचे मोजमाप म्हणून वापरला गेला, तिथे चूक झाली. पृथ्वी शॉने २०१३ मध्ये हॅरिस शिल्डमध्ये ५४६ धावा केल्या, त्या मुंबईच्या तावूनसुलाखून निघालेल्या शालेय स्पर्धेत. दोन्ही आकड्यांना एकाच तराजूत घालणाऱ्यांनी प्रणववर उपकार केले नाहीत.

त्यानंतर प्रत्येक खेळीकडे हजाराच्या नजरेने पाहिले जाऊ लागले. तीस-चाळीस धावांची साधी, उपयुक्त खेळीही अपयश ठरावी, अशी ही नजर! २०१७ मध्ये त्याचे वडील प्रशांत धनावडे यांनी मुलाची कामगिरी समाधानकारक नसल्याने शिष्यवृत्ती थांबवावी, असे पत्र संघटनेला दिले. मिळणारे पैसे स्वतःहून नाकारणारा पालक आपल्या क्रीडाजगतात क्वचितच दिसतो. या साऱ्या प्रकरणातील सर्वांत ताठ कण्याची कृती कोणती, असे विचारले तर मी त्या पत्राकडे बोट दाखवीन.

डिसेंबर २०१६ मधील प्रसंगही विसरता येत नाही. कल्याणच्या सुभाष मैदानावर तत्कालीन केंद्रीय मंत्र्यांच्या हेलिकॉप्टरसाठी तयारी सुरू असताना, सरावाला आलेल्या प्रणवचा पोलिसांशी वाद झाला आणि त्याला पोलीस ठाण्यात नेण्यात आले. बातमी झाली ती विक्रमवीराची. पण त्या मैदानावर रोज खेळणाऱ्या बाकीच्या मुलांचे काय, हे कोणी विचारले नाही. लाखोंच्या वस्तीच्या कल्याण-डोंबिवलीत मोकळी मैदाने हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्यांतच सभा, प्रदर्शने, मेळावे. गुणवत्ता सिद्ध करायची तर किटबॅग खांद्यावर टाकून गर्दीच्या लोकलने दादर किंवा चर्चगेट गाठायचे. निवडसमितीची नजर जिथे असते ती शिवाजी पार्क, आझाद मैदान, ओव्हल ही मैदाने तिकडेच.

कॉलिन्सचीही गोष्ट फारशी वेगळी नाही. तो सैन्यात गेला, प्रथम श्रेणीचा एकही सामना खेळला नाही आणि नोव्हेंबर १९१४ मध्ये ईप्रच्या रणांगणावर २९ व्या वर्षी मारला गेला. त्याचा आकडा मात्र ११६ वर्षे पुस्तकांत राहिला, आणि अखेर तो पुसला गेला कल्याणात, एका शाळकरी मुलाच्या बॅटने.