मोल सुगंधाचें कीं नांवाचें ?

सुगंधाच्या बाबतींत आपल्या सुशिक्षित घरांतून अलीकडे एक नवाच पंक्तिभेद सुरू झाला आहे. वरच्या पंक्तींत मोजक्या ग्राहकांसाठीं म्हणून निघालेलीं परदेशी सेंटें, आणि खालच्या पंक्तींत त्यांची आठवण करून देणारीं, पण मध्यम मिळकतीच्या माणसास परवडणारीं ‘पर्यायी’ सेंटें. वरच्या पंक्तीचे अभिमानी म्हणतात, स्वस्त तें सारें उष्टें. खालच्या पंक्तीचे कैवारी म्हणतात, दोहोंत तिळमात्र फरक नाहीं. महाग तें सारें लुबाडणें. हे दोन्ही पक्ष सारख्याच हिरीरीनें चुकतात, असें आमचें म्हणणें आहे. आणि तें दाखविण्यास चहाच्या सुगंधाइतकें सोयीचें उदाहरण दुसरें नाहीं.

प्रथम हें लक्षांत घ्यावें कीं, ज्यास चहाचा सुगंध म्हणतात त्यांत चहा असतोच असें नाहीं. १९९२ सालीं बुल्गारी या रोमच्या जवाहिऱ्यांच्या पेढीसाठीं झाँ-क्लोद एलेना या फ्रेंच सुगंधकारानें हिरव्या चहाचें सेंट रचलें, आणि तेथून या घराण्याची वंशावळ धरण्याचा प्रघात आहे. एलेनानें चहाचीं पानें उकळून त्यांचा अर्क बाटलींत भरला नाहीं. त्याच्या रचनेचा कणा दोन द्रव्यांचा. एक ‘हेडिओन’, हें जाईच्या कुळांतील फुलांत सांपडणाऱ्या एका घटकाचें प्रयोगशाळेंत घडविलेलें भावंड असून एदमों रुदनित्स्का यानें १९६६ सालीं ‘ओ सोव्हाज’मध्यें योजून तें प्रसिद्धीस आणलें. दुसरें ‘आयोनोन’, हें टीमान व क्र्यूगर या जर्मन रसायनज्ञांनीं १८९३ सालीं व्हायोलेट फुलाच्या वासाचा माग काढतांना तयार केलें. हीं दोन द्रव्यें एकत्र येतांच नाकास चहाचा भास होतो. तो अगदींच निराधार नव्हे, कारण खऱ्या चहाच्या सुवासांतहि आयोनोनचा अंश असतोच. तथापि भास तो भासच. म्हणजे ज्याला आपण ‘मूळ’ म्हणून मखरांत बसवितों, तें स्वतःच एका पेयाचें शब्दचित्र आहे. तें पेय नव्हे.

या वंशावळींत आपल्याकडचाहि एक पूर्वज आहे. आयोनोन करण्यास सिट्राल नांवाचें द्रव्य लागतें, आणि तें दीर्घकाळ ज्या तेलांतून काढीत, तें कोचीन बंदरांतून परदेशीं जाणारें गवती चहाचें तेल होय. आतां सिट्राल बहुतांशीं कारखान्यांतच घडवितात, हें खरें. परंतु आपल्या परसांतील ज्या गवताचीं पातीं आल्याच्या तुकड्यासह आधणांत पडतात, त्याच्याच एका भाऊबंदानें युरोपच्या गंधशाळांचा संसार कित्येक वर्षें चालविला, ही गोष्ट विलायती बाटली पाहून भारावणाऱ्यांनीं ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

आतां स्वस्त पर्यायाकडे वळूं. १९९९ सालीं एलिझाबेथ आर्डेन या व्यापारी संस्थेनें ‘ग्रीन टी’ या साध्या नांवाचें सेंट बाजारांत आणलें. लिंबाची आंबट तरतरी, किंचित पुदिना, आणि मागें तोच हिरव्या चहाचा भास, असें त्याचें रूप. किंमत अशी कीं महिन्याचा हिशेब लिहिणाऱ्या गृहिणीनेंहि बिचकूं नये. उच्चभ्रू रसिक याकडे पाहून नाक मुरडतात. पण तें रचिलें कोणीं ? फ्रान्सिस कुर्कजियां यानें. ज्यानें पुढें स्वतःची पेढी काढून ‘बाकारा रूज ५४०’ हें अत्यंत महाग सेंट दिलें आणि २०२१ पासून ज्याच्या हातीं दिऑरच्या सुगंधनिर्मितीचीं सूत्रें आलीं, तोच हा कारागीर! मग त्याच हातानें भरलेली एक बाटली पूज्य आणि दुसरी त्याज्य, हा निवाडा नाकानें केला कीं पाकिटानें ? हा सुगंध फार वेळ टिकत नाहीं, हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. परंतु हलकेपणा हा बुल्गारीच्या त्या नामांकित बाटलीचाहि स्वभाव आहे. तेथें मात्र त्यास संयम म्हणतात. एकच लक्षण श्रीमंताच्या घरीं गुण आणि गरिबाच्या घरीं दोष, असा न्याय समाजांत पुष्कळ दिसतो. निदान अत्तराच्या कुपींत तरी तो शिरूं नये.

याचा अर्थ महाग तें सारें थोतांड, असा मात्र नव्हे. न्यूयॉर्कमध्यें २००६ सालीं निघालेल्या ले लाबो या पेढीचें ‘ते न्वार २९’ हें २०१५ चें सेंट घ्या. हा हिरव्या चहाचा प्रसन्न शिडकावा नव्हे. काळ्या चहाचीं सुकलीं पानें, वाळलें गवत, तंबाखू, अंजीर, तमालपत्राच्या जातीचीं पानें आणि खालीं देवदार व वाळा, असा हा कोरडा, खोल, सावकाश उलगडणारा वास आहे. त्यांत विचार आहे, धाडस आहे. आणि विचारास मोल द्यावें लागतें. आमचा वाद त्या सुगंधाशीं नाहीं, त्याच्याभोंवतीं उभारलेल्या देव्हाऱ्याशीं आहे. दुकानांत डोळ्यांदेखत मिसळण करावयाचें, चिठ्ठीवर ग्राहकाचें नांव व तारीख घालावयाची, आणि पन्नास मिलिलिटरला दोनशे डॉलरांहून अधिक घ्यावयाचे. हा सारा थाट लहानशा एकांड्या कारागिराचा. पण ही पेढी २०१४ सालींच एस्टी लॉडर या बलाढ्य कंपनीनें विकत घेतली आहे. दुर्मिळता जेव्हां अनेक देशांतील दुकानांतून नियमानें विकली जाते, तेव्हां ती दुर्मिळता उरत नाहीं. ती विक्रीची युक्ति होते.

या महागाईच्या सांवलींतच तिसरा एक प्राणी वाढतो, आणि आमचा खरा रोष त्याच्यावर आहे. हा म्हणजे यादीवाला पर्याय. याला स्वतःचें नांव नाहीं, स्वतःची कल्पना नाहीं. ‘अमक्याच्या तमक्या सेंटासारखें’ एवढीच याची जन्मपत्रिका. आर्डेनच्या बाटलीनें आपलें नांव लावलें, आपला सुगंधकार नेमला, आणि चहा या कल्पनेवर स्वतःची रचना केली. यादीवाला दुसऱ्याची बाटली वायुवर्णलेखन यंत्रांत घालतो, घटकांची टिपणी काढतो, आणि अर्धा हिशेब जुळला कीं दुकान मांडतो. अर्धा म्हणण्याचें कारण असें कीं, नैसर्गिक तेलांत शेंकडों घटक असतात, आणि मोठ्या कंपन्यांनीं स्वतःपुरतीं राखून ठेवलेलीं कांहीं द्रव्यें बाजारांत मिळतच नाहींत. म्हणून असलें प्रतिरूप पहिल्या घटकेस हुबेहूब वाटतें, आणि संध्याकाळपर्यंत पोरकें होतें.

कोणी म्हणेल, कायदा याला गुन्हा म्हणत नाहीं. कायद्याचीच येथें द्विधा अवस्था आहे. जून २००६ मध्यें फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयानें सुगंधास वाङ्मयासारखें कर्तृत्वाचें संरक्षण नाकारलें. त्याच महिन्यांत हॉलंडच्या सर्वोच्च न्यायालयानें लांकोमच्या ‘त्रेझोर’ या सेंटाच्या खटल्यांत तें देतां येईल असें ठरविलें. अमेरिकेंतील एका न्यायालयानें १९६८ सालीं, ‘शनेल नंबर ५’ शीं आपल्या मालाचें साम्य सत्य असल्यास तें सांगण्याची नक्कलकारास मुभा दिली. उलट युरोपीय न्यायालयानें २००९ सालीं लोरेआलच्या खटल्यांत, प्रतिरूपांपुढें मूळ सेंटांचीं नांवें लिहिलेल्या तुलनेच्या याद्या हा परकीर्तीचा गैरफायदा मानला. न्यायाधीशांतच असा मतभेद असतां आम्ही कायद्याचा दाखला कोणाच्याहि बाजूनें देत नाहीं. प्रश्न कायद्याचा नसून प्रामाणिकपणाचा आहे. वास कोणाच्या मालकीचा नसेल. पण कीर्ति ही कोणाची तरी मेहनत असते, आणि ती उसनी घेऊन दुकान चालविणाऱ्यानें स्वतःस गरिबांचा कैवारी म्हणवूं नये.

मग मध्यमवर्गीय कुटुंबानें करावें काय ? आपल्या घरांतील जुनीं माणसें या बाबतींत अधिक शहाणीं होतीं. तीं अत्तर घेतांना कंपनीचें नांव विचारीत नसत. भूमि चंदनाची आहे काय, असें विचारीत. कनोजच्या देग-भपक्यांतून उतरणाऱ्या अत्तराचा जीव त्या चंदनतेलांत असे, आणि तेथें स्वस्त तेल वापरलें कीं तें दुसऱ्या दिवशीं मनगटच सांगे. तीच कसोटी आजहि लावावी. कागदाच्या पट्टीवर नव्हे, त्वचेवर सेंट लावावें. अर्धा दिवस जाऊं द्यावा. मग स्वतःच्या नाकास विचारावें, शेजाऱ्याच्या नव्हे. या कसोटीस उतरलेलें साधें ‘ग्रीन टी’ मुलीच्या वाढदिवसास आणण्यांत कमीपणा नाहीं, आणि ‘ते न्वार’ खरोखर आवडल्यास वर्षभर पैसे सांठवून तें घेण्यांत उधळपट्टी नाहीं. कमीपणा आहे तो नांव दिसावें म्हणून महाग बाटली घेण्यांत, आणि तितकाच नांव भासावें म्हणून बनावट बाटली घेण्यांत. पहिला मनुष्य नांव विकत घेतो, दुसरा तें भाड्यानें आणतो; सुगंध दोघांच्याहि वाट्यास येत नाहीं.

स्वस्त असणें हा अपराध नाहीं आणि महाग असणें हा पराक्रम नाहीं. ज्या वस्तूस स्वतःच्या नांवानें उभें राहतां येतें, ती चार रुपयांची असली तरी अस्सल. आणि जी दुसऱ्याच्या नांवावांचून बोलूंच शकत नाहीं, ती फुकट मिळाली तरी महागच पडते.